फाटलेला आवाज आणि दोन डेसिबलची मोकळी जागा

वाचकांचे प्रश्न : ध्वनिमुद्रण

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. मूळ रेकॉर्डिंग छान वाजतं, पण एमपीथ्री केली की आवाज फाटतो. म्हणून हे सदर या वेळी त्यालाच दिलं आहे. माइक कोणता घ्यावा असं विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. तेवढ्या वेळात बाजारात आणखी दोन माइक येतील आणि प्रश्न अजून अवघड होईल, ते वेगळं.

प्रश्न : ताई, आमचं भजनी मंडळ आहे. कार्तिकात काकड आरतीच्या वेळी देवळातच हातातल्या रेकॉर्डरवर भजनं रेकॉर्ड केली. लाल दिवा एकदाही लागला नाही. मंडळातल्या एका मुलानं ती कॉम्प्युटरवर घेऊन नॉर्मलाइज केली, शंभर टक्क्यांवर. ती वेव्ह फाईल ऐकायला झकास आहे. पण सगळ्यांना पाठवायला १२८ ची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपीथ्री केली, तर पखवाज आणि झांजा एकत्र आल्या की चरचर येते. मुलगा म्हणतो, एमपीथ्रीत क्वालिटी जायचीच, आपण ३२० ची करू. खरं कारण काय?
— एक टाळकरी, चिपळूण

उत्तर : मुलाचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं त्याच्या त्या शंभर टक्क्यांत आहे.

सोळा बिटांच्या वेव्ह फाईलमध्ये आवाजाची लाट आकड्यांत लिहिलेली असते. सीडीच्या मापानं सेकंदाला ४४,१०० आकडे. त्यातला प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या दरम्यानच असतो, कारण त्यापुढचा आकडा लिहायला जागाच नाही. या छताला आम्ही शून्य डेसिबल म्हणतो आणि त्याच्या खालचं सगळं उणे मोजतो. नॉर्मलाइज शंभर टक्के म्हणजे अख्ख्या भजनातला सगळ्यांत जोराचा एक ठोका नेऊन त्या छताला टेकवला. फाईल अजून शाबूत आहे, कुठेही काही कापलं गेलेलं नाही. फक्त वर बोटभरही जागा उरलेली नाही.

आता एमपीथ्री. तेच आकडे दाटीवाटीनं कोंबले की एमपीथ्री होते अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात एन्कोडर तुमची लाट टाकूनच देतो. ५७६ नमुन्यांच्या, म्हणजे वर सांगितलेल्या आकड्यांच्याच, तुकड्यांत तो बघतो की कोणत्या कंपनसंख्या किती प्रमाणात आहेत, आणि ती प्रमाणं लिहून ठेवतो. तीही सगळी सारख्या काळजीनं लिहीत नाही. झांजेच्या खणखणाटाखाली दबलेला बारीक आवाज माणसाला ऐकूच येत नाही, तर तो ढोबळ लिहिला काय किंवा गाळला काय! कानाच्या या मर्यादेवर जर्मनीत एर्लांगेनला कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यातूनच एमपीथ्री उभी राहिली. तुम्ही फाईल वाजवता तेव्हा डिकोडर त्या प्रमाणांवरून लाट नव्यानं रचतो. ती मूळ लाटेसारखी ऐकू यावी एवढीच त्याची जबाबदारी. तिची उंची जागोजागी मूळ लाटेइतकीच भरेल, असं कुणी कबूल केलेलं नाही.

इथे लोक हटकून अडतात. गाळल्यावर लाट बुटकी व्हायला हवी, उंच कशी होईल? चौकोनी लाट घ्या, जिचा माथा सपाट असतो. तिची उंची १ धरली, तर तिच्यातला मूळ स्वर एकट्यानं १.२७ उंचीचा असतो. वरचे उपस्वर त्याच्यात असे मिसळतात की त्याचा माथा दाबून सपाट होतो. ते उपस्वर काढून टाका, की दबलेला माथा वर येतो, दोन डेसिबलहून थोडा जास्तच. हे टोकाचं उदाहरण आहे, पण रेकॉर्डिंगमध्येही छोट्या प्रमाणात हेच होतं. १२८ च्या एमपीथ्रीत साधारण सोळा-सतरा हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, आणि झांजेचा पसारा तर त्याच्याही वर असतो. त्यात बिट कमी पडतात म्हणून केलेल्या ढोबळपणाच्या चुका मिसळतात. त्या चुका कधी लाटेतून वजा होतात, कधी तिच्यात जमा होतात. पखवाजाची थाप आणि झांज एकदम पडते तिथे जमा झाल्या, की छत ओलांडलंच.

चौकटीला डोकं टेकेल इतकाच उंच माणूस वाकल्याशिवाय आत गेला आणि आतून फेटा बांधून बाहेर आला, तर फेटा चौकटीला लागणारच. यात चूक माणसाची नाही, फेट्याचीही नाही. चौकट मापून ठेवणाऱ्यानं फेट्याचा विचार केला नव्हता.

आणि हे कापणं नेमकं कुठे होतं, तेही लक्षात घ्या, कारण पुढच्या प्रश्नाला ते लागणार आहे. एमपीथ्री फाईलच्या आत छताहून उंच लाट खुशाल नांदू शकते, कारण तिथे फक्त प्रमाणं लिहिलेली असतात. डिकोडर त्या लाटेला परत सोळा बिटांच्या आकड्यांत बसवायला जातो तेव्हा वरचा भाग सरळ रेषेत कापला जातो. क्लिपिंग म्हणतात ते हेच.

तर तुम्ही असं करा. वेव्ह फाईल परत उघडा, नॉर्मलाइज करायचंच असेल तर उणे २ डेसिबलवर करा आणि मग एमपीथ्री काढा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या नॉर्मलाइजमध्ये मुळात उणे १ भरलेलं असतं. मुलानं तीच वापरली असेल, तर मुद्दाम तिथे शून्य टाकलेलं दिसतंय. एमपीथ्री तयार झाली की तीच ऑडॅसिटीत उघडा, सगळी सिलेक्ट करा आणि इफेक्टमधलं अ‍ॅम्प्लिफाय काढा. सर्वांत मोठा ठोका बरोबर छताला न्यायला किती डेसिबल वाढवावे लागतील, तो आकडा ही खिडकी स्वतःहून दाखवते. ऑडॅसिटी आतून ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, काम करते. तिथे हे छत नसतं, त्यामुळे वर गेलेला माथा तिला दिसतो. तिथे ०.४ दिसलं, तर तुमच्याकडे अजून तेवढी जागा शिल्लक आहे. उणे ०.८ दिसलं, तर तुमची एमपीथ्री तेवढी छताबाहेर आहे. आकडा बघून खिडकी रद्द करा, ओके दाबू नका. मग वेव्हकडे परत जाऊन तेवढा आणि वर अर्धा डेसिबल आवाज कमी करा, आणि एमपीथ्री पुन्हा काढा.

३२० केल्यानं फायदा होईल. बिट जास्त मिळाले की चुका लहान होतात, म्हणजे माथाही कमी वर येतो. पण छताला टेकलेली फाईल ३२० लाही थोडी बाहेर जातेच. माझा ठोकताळा असा : २५६ किंवा ३२० ला एक डेसिबल मोकळा, १२८ ते १९२ ला दोन, त्याखाली तीन. यातून काही गमावत नाही. सोळा बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला असतो, आणि काकड आरतीच्या रेकॉर्डिंगमध्ये देवळातला पंखा, कावळे नि कुणाचा तरी खोकला धरून त्यातला निम्माही वापरात नसतो. ऐकणाऱ्याला आवाज कमी वाटला तर तो बटण फिरवेल.

एक शंका मात्र उरते. पाव-अर्धा डेसिबल बाहेर गेलेला एखाद-दुसरा ठोका कुणालाही ऐकू येत नाही, मलाही नाही. तुम्हाला चरचर स्पष्ट ऐकू येतेय, म्हणजे एकतर मामला बराच मोठा आहे किंवा मूळ वेव्हच दिसते तेवढी सोवळी नाही. झांजेच्या जागी ती खूप मोठी करून बघा. माथे गोल असतील तर ठीक. छताच्या बरेच खाली असूनही ते इस्त्री केल्यासारखे सपाट असतील, तर आवाज माइकच्या पहिल्याच पायरीवर फाटला आणि नंतर लेव्हल कमी झाली. काही स्वस्त रेकॉर्डरांत लाल दिवा लेव्हलच्या बटणानंतरचा आवाज बघतो, आधीचा नाही. तसं असेल तर पुढच्या कार्तिकात माइकची सेन्सिटिव्हिटी 'लो' करून झांजवाल्यांना दोन हात मागे बसवा. त्यांची समजूत कशी घालायची ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : आदरणीय ताई, माझ्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या कॅसेटी होत्या. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांकडून त्यांच्या एमपीथ्री करून घेतल्या आणि कॅसेटी बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या. आता ऐकतो तर ताना वर गेल्या की आवाज फाटतो. मूळ काहीच हातात नाही. काही करता येईल?
— एक निवृत्त शिक्षक, इंदूर

उत्तर : सर, कॅसेटी टाकायला नको होत्या एवढं म्हणते आणि पुढे जाते.

फाटण्याचे इथे दोन प्रकार असू शकतात. पहिल्यात काहीच बिघडलेलं नाही. वर चिपळूणच्या उत्तरात सांगितलं तसं, लाट एमपीथ्रीच्या आत पूर्ण आहे, फक्त वाजताना बाहेर कापली जाते. ही फाईल वाचते, आणि तीही पुन्हा एन्कोड न करता. एमपीथ्री लहान लहान फ्रेमची बनलेली असते आणि त्यांत 'ग्लोबल गेन' नावाचा एक आकडा असतो. डिकोडरनं लाट किती मोठी रचायची ते तो सांगतो. तो एकानं कमी केला की आवाज १.५ डेसिबलनं उतरतो. संगीताच्या बाकी माहितीला हातही लागत नाही. एमपीथ्रीगेन नावाचं फुकट सॉफ्टवेअर एवढंच काम करतं. केलेला बदल ते फाईलमध्येच नोंदवून ठेवतं, त्यामुळे तो मागेही घेता येतो. तरी आधी सगळ्या फाईलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. एका नाटकातली पदं असतील तर ती अल्बम म्हणून एकत्र घ्या, म्हणजे सगळी सारख्याच मापानं उतरतील. नाहीतर हलक्या आवाजातलं पद आणि खड्या आवाजातलं पद एका पातळीला येऊन बसतात, आणि रंगमंचावरचा चढउतार गेला म्हणजे त्या ऐकण्यात राहिलं काय?

दुसरा प्रकार वाईट. त्या गृहस्थांनी कॅसेट वाजवून कॉम्प्युटरमध्ये घेतानाच लेव्हल जास्त ठेवली असेल, तर माथे तिथेच कापले गेले आणि कापलेल्या लाटेची एमपीथ्री झाली. मला भीती याचीच वाटते, कारण टेपवर हात बसलेली माणसं डिजिटलमध्ये हमखास असं करतात. कॅसेट डेकच्या सुया लाल भागात शिरल्या तरी फीत सांभाळून घ्यायची. ती हळूहळू भरत जायची, आवाज जरा जाड व्हायचा, आणि सुरसुर कमी व्हावी म्हणून आम्ही मुद्दाम सुया तिथवर नेत असू. डिजिटलला तो समजूतदारपणा नाही. शून्यापर्यंत सगळं स्वच्छ, आणि शून्याच्या पुढे थेट कात्री.

कोणता प्रकार आहे हे ओळखायला फाईल ऑडॅसिटीत उघडून ताना मोठ्या करून बघा. 'फाइंड क्लिपिंग' या सोयीवर विसंबू नका. एमपीथ्रीतून गेलेला कापीव माथा नीट सपाट राहत नाही, त्याला कंगोरे येतात. त्यामुळे तिला तो बहुतेक वेळा सापडतच नाही आणि ती निर्धास्तपणे 'काही नाही' सांगते. डोळ्यांनी बघा. एका रांगेत बरेच माथे साधारण एकाच उंचीला येऊन खडबडीत पठारासारखे थांबत असतील, तर हा दुसरा प्रकार. त्यावर 'क्लिप फिक्स' सारखे इलाज आहेत. कापलेल्या जागी आजूबाजूच्या उतारावरून अंदाजानं माथा काढून देतात. एखाद-दुसऱ्या ठोक्याला ते चालून जातं, लांब तानेला नाही. आणि असं दुरुस्त केलेलं जपून ठेवायचं ते फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळता आवाज साठवणाऱ्या फाईलीत. परत एमपीथ्री केलीत तर एमपीथ्रीवर एमपीथ्री, आणखी एक थर माती.

ज्यांच्या कॅसेटी अजून कपाटात आहेत त्यांच्यासाठी : २४ बिटांवर घ्या आणि सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. वरची जागा वाया जाते म्हणून हळहळू नका. घरगुती कॅसेटचा स्वतःचाच पल्ला पन्नास-साठ डेसिबलचा असतो आणि २४ बिटांत तो दोनदा बसून उरतो.

प्रश्न : हाय ताई, माझा मराठी पॉडकास्ट आहे. लिमिटरचं (मर्यादेपलीकडचा आवाज दाबणाऱ्या साधनाचं) सीलिंग, म्हणजे ती मर्यादा, शून्यावर ठेवते, मीटर कधीच लाल होत नाही. तरी अपलोड केल्यावर माझ्याच हसण्याच्या जागी कर्कश वाटतं. एका मित्रानं 'ट्रू पीक' बघ असं सांगितलं. साधा पीक खोटा असतो का?
— पॉडकास्टवाली, ठाणे

उत्तर : खोटा नाही, अपुरा. पीक म्हणजे लाटेचा माथा. साधा मीटर फक्त लिहिलेले आकडे बघतो. पण आवाज म्हणजे त्या आकड्यांमधून जाणारी अखंड लाट, आणि तिचा माथा दोन आकड्यांच्या मध्ये येऊ शकतो. हिशोब अगदी सोपा आहे. ४४,१०० च्या फाईलमध्ये ११,०२५ हर्ट्झचा शुद्ध स्वर घ्या. एका आवर्तनात चार नमुने पडतात. ते बरोबर माथ्यावर न पडता माथ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडले, तर प्रत्येक नमुना खऱ्या उंचीच्या ०.७०७ पटच भरतो. आता हे नमुने शून्याला टेकवा. मीटर म्हणेल शून्य, खरी लाट असेल ३ डेसिबल वर. हे वहीतलं टोकाचं उदाहरण झालं. बोलण्यात, हसण्यात एवढा फरक पडत नाही, पण थोडा पडतोच.

म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं २००६ मध्ये बीएस १७७० या शिफारशीत मोजण्याची रीत घालून दिली. नमुने चौपट दाट करून मधले माथे शोधायचे, तो ट्रू पीक. युरोपातल्या प्रसारकांच्या संघानं २०१० मध्ये आर १२८ आणलं : सरासरी आवाज उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं एकक), ट्रू पीक उणे १ च्या वर नाही. स्टुडिओत आम्ही याला लफ्सच म्हणतो. तुला लागणारे आकडे वेगळे आहेत. अ‍ॅपल पॉडकास्टला उणे १६ लफ्सच्या आसपास आणि ट्रू पीक उणे १ हवा असतो. स्पॉटिफाय उणे १४ सांगतं आणि ट्रू पीक तोच, उणे १. तुझा आवाज त्याहून मोठा असेल तर मात्र ट्रू पीक उणे २ च्या खाली ठेव, म्हणतं. हा जास्तीचा एक डेसिबल का, ते कळलं की तुझं कर्कश हसणंही कळेल.

लिमिटरनं दाबून मोठा केलेला आवाज चौकोनी लाटेच्या जवळ जातो, माथे सपाट होत जातात. आणि सपाट माथ्याचे उपस्वर गाळले की तो वर येतो, हे चिपळूणच्या उत्तरात आलंय. म्हणजे तू जितकं दाबशील, तितकी तुझी फाईल एन्कोड झाल्यावर छताबाहेर जाईल. तू आधीच कमाल मर्यादेला टेकून बसलेली, त्यात फाईल एमपीथ्री, आणि ती पुढे ऐकणाऱ्याच्या ब्लूटूथ हेडफोनसाठी आणखी एकदा एन्कोड होते. प्रत्येक ठिकाणी माथा थोडा हलतो.

लिमिटर ट्रू पीकवर घे आणि सीलिंग उणे २ ठेव. बोलण्याचा कार्यक्रम ६४ च्या मोनोत काढत असशील तर उणे ३ ठेवायलाही कुणी अडवलेलं नाही. मोनो करताना डावं-उजवं नुसतं मिळवलं जातंय की अर्धं केलं जातंय, तेही एकदा तपास. दोन्हीकडे सारखाच आवाज असेल आणि अर्धं केलं नसेल, तर थेट ६ डेसिबल वाढतात. मग लिमिटर शून्यावर होता की उणे दोनवर, याला काही अर्थ उरत नाही.

राहिला मोठ्या आवाजाचा हव्यास. बऱ्याच ठिकाणी आता सगळ्यांचा आवाज एका मापाला आणून वाजवतात. तू उणे ९ लफ्सची फाईल दिलीस तर ते ती खाली ओढतात. दाबलेला आवाज दाबलेलाच राहतो, मोठा मात्र राहत नाही. हसण्याला मोकळं हसू दे.

प्रश्न : मॅडम, शाळेच्या गॅदरिंगसाठी मी मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये गाणी कापून, मध्ये निवेदन आणि ढोल टाकून एक ट्रॅक करते. पेनड्राइव्हवर दिला की साउंडवाले म्हणतात, तुमची फाईलच फाटलेली आहे. घरी तर मला नीट वाजते. चूक कुणाची?
— नृत्य बसवणारी शिक्षिका, बारामती

उत्तर : बाई, भांडायच्या आधी एक करा. तोच पेनड्राइव्ह घरी कॉम्प्युटरला लावा, चांगले हेडफोन घाला आणि आवाज अगदी हळू ठेवून ढोलाची जागा ऐका. हळू आवाजातही फाटकं वाटलं तर साउंडवाला खरा, दोष फाईलमध्ये आहे. हळू ठेवल्यावर स्वच्छ वाटलं तर त्याचा मिक्सर किंवा पेट्या दमल्या आहेत. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून काही ठरवू नका. त्याच्यातून ढोल येतच नाही, फक्त टिपरीचा टणत्कार येतो.

तुमच्या सांगण्यावरून मला फाईलवर संशय आहे. गाणं चालू असताना त्यावर ढोल चढवला की दोन लाटांची बेरीज होते. दोन्ही आधीच छताला टेकलेल्या असतील तर बेरीज ६ डेसिबलपर्यंत वर जाऊ शकते, आणि मोबाईलवरची बरीच अ‍ॅपं ती मुकाट कापून टाकतात. ढोल येतो तिथे गाणं निम्म्यावर आणा. शेवटचा ट्रॅक काढण्याआधी मास्टरचा आवाज तीन डेसिबल खाली घ्या. अ‍ॅपमध्ये डेसिबल नसून टक्के असतील तर सत्तर टक्के. उतरवलेली गाणी एमपीथ्री, तुकडे कापून केलेली फाईल परत एमपीथ्री, दुरुस्ती करून पुन्हा एमपीथ्री असं करू नका. मधलं सगळं वेव्हमध्ये ठेवा. शक्य असेल तर साउंडवाल्यालाही वेव्हच द्या, बहुतेक लॅपटॉपवर वाजते. आणि फोनमधलं बास वाढवणारं सेटिंग बंद आहे ना, ते बघा. गॅदरिंगच्या मोसमात अर्धे ढोल तेच फाडतं.

प्रश्न : फ्लॅक केल्यानं क्लिपिंग होतं का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. फ्लॅक एकही आकडा बदलत नाही, उलगडल्यावर मूळ वेव्ह जशीच्या तशी मिळते. मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या नव्या तंबोऱ्यांचे नमुने मी गिऱ्हाइकांना फ्लॅकमध्येच पाठवते. जवारीचं, म्हणजे तारेच्या गुंजनाचं, सगळं सौंदर्य वरच्या बारीक उपस्वरांत असतं आणि कमी बिटांच्या एमपीथ्रीत पहिली गदा त्यांच्यावर येते. एकच खबरदारी घ्या. तुमची वेव्ह ३२ बिट फ्लोटची असेल आणि तिच्यात माथे शून्याच्या वर असतील, तर १६ किंवा २४ बिटांची फ्लॅक करताना ते कापले जातील. आधी आवाज उतरवा. मग फ्लॅक.

प्रश्न : माझा संगीताचा अख्खा संग्रह सीडीवरून उतरवलेल्या फ्लॅकमध्ये आहे. गाडीसाठी त्याच्या एमपीथ्री करायच्या आहेत, हजारांच्या घरात. प्रत्येक फाईल उघडून आकडा बघणं अशक्य आहे. सरसकट काय करावं?
— एक रसिक, पणजी

उत्तर : सरसकटच करा. फूबार २००० या प्लेअरमध्ये आधी सगळ्या संग्रहाचं रिप्लेगेन मोजून घ्या, अल्बमनुसार. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत प्रत्येक अल्बम कानाला किती मोठा लागतो ते मोजते आणि सगळे एका पातळीला आणायला किती वाढवायचं-उतरवायचं तो आकडा टॅगमध्ये लिहिते. मग कन्व्हर्टरमध्ये तो आकडा लागू करायला सांगा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या दाबून मोठ्या केलेल्या सीडी यानं आपोआप बऱ्याच खाली येतात, आणि एमपीथ्रीत छताबाहेर जाणाऱ्या मुख्यतः त्याच असतात.

तिथे 'पीक बघून क्लिपिंग टाळा' असा एक पर्याय दिसेल. तो चालू ठेवा, पण त्याच्यावर निर्धास्त होऊ नका. तो पीक फ्लॅकचा असतो, होणाऱ्या एमपीथ्रीचा नाही. जुन्या शास्त्रीय मैफलींच्या सीडी हलक्या आवाजाच्या असतात. रिप्लेगेन त्या वर उचलतं आणि हा पर्याय त्यांना बरोबर छताला नेऊन टेकवतो, म्हणजे चिपळूणकरांचीच गत. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाच्या आणि सर्वांत हलक्या आवाजाच्या अशा मूठभर फाईली आधी करून बघा आणि अ‍ॅम्प्लिफायच्या खिडकीत तपासा. बाहेर जात असतील तर प्रीअ‍ॅम्प (रिप्लेगेनवर वरून लावायची वाढ-घट) दोन-तीन डेसिबल उतरवून मग सगळा संग्रह लावा आणि झोपा. कमांड लाइनची सवय असेल तर लेम या एन्कोडरमध्ये क्लिपडिटेक्ट नावाचा पर्याय आहे. तो एन्कोड करतानाच परत डिकोड करून बघतो आणि किती पटीनं आवाज कमी करायला हवा ते शेवटी छापतो.

गाडीतले बास आणि ट्रेबल आधी मध्यावर आणा. डिकोड झाल्यावर गाडीची सिस्टीम बास ६ डेसिबल वाढवत असेल, तर तुम्ही मागे ठेवलेले दोन डेसिबल तिथेच संपतात, आणि मग पत्र मला येतं.